परत आलेली सुरमय

मासळी परत येते हे प्रेमाकाकीला ठाऊक नव्हतं. गिऱ्हाईक घासाघीस करतं, कल्ले उचलून बघतं, नाक मुरडतं आणि शेवटी मुकाट पिशवी पुढे करतं, ही बाजाराची रीत. पण केळीच्या पानात गुंडाळून वरून सुंभाने बांधलेली हातभर सुरमय कुणी दोन बोटांनी मागे लोटावी, जणू समोर घूस मरून पडलीय, असं तिच्या उभ्या जन्मात झालं नव्हतं. तालुक्याच्या कचेरीतली ती खिडकी, खिडकीमागे पंख्याखाली बसलेली एक पोर आणि पोरीपुढे टीव्हीसारखा डबा. पोरीने डब्यावरची नजरसुद्धा नीट काढली नाही. "आजी, हे इथे नको. काम काय ते सांगा." प्रेमाकाकी हसली, पहिल्यांदा लाजणाऱ्या गिऱ्हाइकाला हसावं तशी. "अगो घी गो. सकाळीच लिलावात घेतलंय. डोळे बघ तिचे, अजून जिते आसत." पोरीने पानाची कड पुन्हा मागे सरकवली. "नको म्हणते ना. हा नंबर घ्या नि बसा तिथे, नंबर आला की हाक मारते." हातात एक चिटोरं आलं. मागच्या माणसाने खाकरून सुचवलं की म्हातारे, बाजूला हो. आणि प्रेमाकाकी, जिला मासळीबाजारात बघून लोक आपणहून वाट देतात, ती सुरमय काखोटीला मारून बाजूला झाली.

बाकड्यावर बसली तरी कानशिलं तापलेलीच होती. कचेरी तिच्या ओळखीची राहिली नव्हती. पूर्वी इथे बिडीचा, भिजल्या कागदांचा आणि माणसांच्या घामाचा वास असायचा. त्या वासात माणसाला कळायचं की कुठल्या टेबलापाशी वाकायचं आणि कुठल्या टेबलाशी ताठ उभं राहायचं. आता वास नव्हता. भिंती पांढऱ्याफेक, जमिनीवर फरशी, लोक शाळेतल्या पोरांसारखे ओळीने बसलेले. नंबर पुकारला की उठत, डब्यातून कर्रकर्र कागद निघे, तो घेऊन चालू लागत. कुणी कुणाला साहेब म्हणत नव्हतं, कुणी कुणाच्या कानाला लागत नव्हतं. ज्याला बाजारात बोंबील कुणी उधार देणार नाही असा एक लुकडा माणूसही तिच्यादेखत आपला सातबारा घेऊन ऐटीत गेला. चांगलं आहे, तिच्या मनात आलं, गरिबाला चांगलं आहे. आणि लगेच, माझं काय? मी का गरीब आहे? मला ओळख आहे. पण ओळख कुणाला दाखवायची, डब्याला?

मासळीचा धंदा करायचा तर मांजराशी वैर धरून चालत नाही, असं तिची सासू म्हणायची. घरातलं मांजर वेगळं. घरच्या मांजराला प्रेमाकाकीने कधी काटासुद्धा टाकला नाही, दारात बोका दिसला की हातातली वहाण भिरकावली. एकदा सवय लागली की मांजर टोपलीचं मालक होतं. पण कचेरीतली मांजरं पोसावीच लागतात, तिथे वहाण चालत नाही. फौजदाराच्या घरी बांगडे, ग्रामसेवकाच्या घरी सुंगटं, तीही मोठी कोळंबी, आणि गावच्या तलाठ्याच्या घरी, परशुरामाच्या घरी, सुरमय. त्याने तोंडाने कधी मागितली नव्हती, हे तिने मनातल्या मनात पुन्हा एकदा कबूल केलं. मागणारा माणूस परवडतो, त्याला झिडकारता येतं. परशुराम नुसता मागच्या दाराकडे बघायचा. त्याच्या बायकोने तिथे एक परात पालथी घालून ठेवलेली असे. मासळी ठेवायची, परात वर झाकायची, दार न वाजवता निघायचं. प्रेमाकाकी निघताना ताठ मानेनेच निघे. ती काही हात पसरायला गेली नव्हती. देऊन आली होती.

आणि कशासाठी देऊन आली होती? लोक तलाठ्याला देतात ते काम करून घ्यायला. प्रेमाकाकी दर महिन्याला सुरमय द्यायची ती काम होऊ नये म्हणून. तिचा एकुलता झिल शंकर कार्तिकातल्या वादळात होडीसकट गेला. चौघे गेले होते. दोघे विजयदुर्गाच्या खाली लागले, फुगलेले, एकाच्या हातातल्या तांब्याच्या कड्यावरून ओळखला. तिसऱ्याचा नुसता सदरा मिळाला. शंकरचं काहीच मिळालं नाही. ना कडं, ना सदरा, ना चप्पल. गाव म्हणाला, गेलो. प्रेमाकाकी म्हणाली, ज्याचा अंग नाय तेचा मरण नाय. दाखवा माका, मगे रडतंय. कुणी दाखवू शकलं नाही, म्हणून ती रडली नाही, सुतक धरलं नाही, आणि सुनेच्या, अक्षदेच्या, हाताला कुणाला हात लावू दिला नाही. बांगडी फोडायला आलेल्या बायकांना उंबऱ्यातूनच म्हणाली, "तुमच्या घोवांका बुडवा आधी, मगे माज्या सुनेच्या बांगड्यांका हात घाला." त्या बायका त्यानंतर किती दिवस तिच्याकडून मासळी घेत नव्हत्या. न घेवोत.

वर्ष फिरल्यावर मिठबावहून अक्षदेचा बाप आला. शहाणा माणूस, दोन तास बसून चहा प्याला आणि जाताना म्हणाला, जमिनीवर पोरीचं नाव लागलं पाहिजे, नातीचं भलं बघा. घरामागची माडांची वाडी आणि घराखालची जागा, सातबाऱ्यावर दोनच नावं होती: नवरा काशीराम वारला तेव्हा चढलेलं तिचं, आणि शंकरचं. अक्षदेचं नाव चढवायचं तर शंकरचं खाली उतरवायला हवं होतं. अक्षदेने अर्ज केला. अर्ज गेला परशुरामाकडे, आणि त्याच संध्याकाळी मागच्या दारातल्या परातीखाली पहिली सुरमय गेली. "काकी," परशुराम दात कोरत म्हणाला होता, "कागद हलता तो हात लावल्यार. मी हातच लावणंय नाय." आणि नाही लावला. अक्षदा चार-सहा महिन्यांनी जाऊन विचारायची, तो कपाळाला आठी घालून म्हणायचा, पंचनाम्याची प्रत सापडत नाय, वरसून पत्र येवचा आसा, साहेब रजेर आसत. अक्षदा उन्हातून घरी यायची, पदराने तोंड पुसायची आणि सासूच्या पुढ्यात बसून मुकाट्याने सुंगटं सोलायची. प्रेमाकाकी विचारायची, "काय म्हणालो गो तलाठी?" जणू तिला ठाऊक नव्हतं.

खिडकीतून एक नंबर पुकारला गेला. तिने चिटोऱ्याकडे पाहिलं, अक्षरं तिला लागत नसत, पण आकडे बाजाराने शिकवले होते. अजून वेळ होता. पानातून सुरमयीचं पाणी ठिबकून फरशीवर एक लहानसं तळं झालं होतं, आणि शेजारचा माणूस पाय आखडून बसला होता. आखडू दे. ह्या पाण्यावर जन्म गेला आमचा. तिने पायाने ते पाणी पसरून पुसल्यासारखं केलं. पाय ओला झाला, आणि ओल्या पायाबरोबर देऊळ आठवलं, देवळातली ती ओली पायरी, जिथे ती आणि अक्षदा ओलेत्याने उभ्या होत्या. कौल लावायला गेल्या होत्या. आपल्याकडे सगळं तसंच चालतं. माणूस हरवो की म्हैस हरवो, देवासमोर उभं राहायचं, नारळ ठेवायचा आणि बाबली गुरवाने गाऱ्हाणं घालायचं. बा देवा म्हाराजा, ह्या लेकराक वाट दाखय रे म्हाराजा. आणि मागे उभ्या असलेल्यांनी म्हणायचं, व्हय म्हाराजा. बोललं की देव ऐकतो, ठेवलं की देव घेतो. बाबलीने पाषाणाला दोन पाकळ्या लावल्या, उजवी आणि डावी. उजवी पडली तर शंकर जिवंत आहे. डावी पडली तर. ती पुढचं मनातही बोलली नव्हती. गाभाऱ्यात समईचा उजेड, बाबलीची उघडी पाठ, पाठीवर घामाची एक धार सरळ खाली. आणि उजवी पाकळी पडली. व्हय म्हाराजा, असं ती एकटीच ओरडली. मागून अक्षदेचा आवाज आलाच नव्हता. तिने वळून पाहिलं तर सून पाकळीकडे बघत नव्हती, बाबलीच्या बोटांकडे बघत होती.

तेव्हा तिला राग आला होता. आज ह्या बाकड्यावर, आखडलेल्या पायांच्या माणसाशेजारी, तिला बाबलीची बोटं दिसली. तांब्यात बुडवून काढलेली डावी पाकळी, थबथबलेली, आणि उजवी नुसती काठाला टेकवून उचललेली. ओलं चिकटतं, सुकं गळतं, हे मासळीवालीला कुणी सांगायला नको. खवला हाताला कधी चिकटतो आणि कधी झडतो ते तिला झोपेतही कळतं. त्याच संध्याकाळी तिने बाबलीच्या घरी सरंग्यांची जोडी पाठवली होती. कशाबद्दल, ते तिने स्वतःला विचारलं नव्हतं. बाबलीनेही विचारलं नव्हतं. तो बिचारा दुष्ट नव्हता. परशुरामही नव्हता. शिरोड्याचा तो बर्फवाला, जो वर्षा-दोन वर्षांनी येऊन सांगायचा की काकी, गोव्याच्या ट्रॉलरवर एक तुझ्या शंकरासारखो दिसलो, पाठमोरो होतो, तोही नव्हता. जाताना तो वाटाभर मासळी न्यायचा एवढंच. सगळ्या जगाने मिळून तिचा झिल जिवंत ठेवला होता, आणि सगळ्या जगाला तिने त्याबद्दल मासळी घातली होती. एकजण तरी तिला म्हणाला असता, नको काकी, घेवन जा. पण कुणी म्हणालं नाही. म्हणाली ती ही खिडकीतली पोर.

परशुराम गेला तो मागच्या उन्हाळ्यात निवृत्त होऊन. जायच्या आधी शेवटची सुरमय घेताना तोंड एवढंसं करून म्हणाला होता, "काकी, आता माज्या हातात कायेक नाय. सरकारान पेन काढून घेतलो नि उंदीर दिलो हातात." "उंदीर?" "माऊस म्हणतत तेका. तो सरकवलो की सगळा दिसता, माका दिसता तां कलेक्टराकय दिसता." प्रेमाकाकी तेव्हा मोठ्याने हसली होती. मांजराच्या हातात उंदीर दिला आणि मांजर उपाशी मेलं, ही गंमत तिने चार दिवस बाजारात सांगितली. त्या हसण्याचा अर्थ आत्ता कुठे तिच्या घरापर्यंत पोचला होता. कारण अक्षदेने ह्या वेळी अर्ज गावात दिलाच नाही. एस.टी.ने तालुक्याला आली, ह्याच खिडकीत अर्ज दिला, पोलीस ठाण्यातून पंचनाम्याची प्रत स्वतः काढून आणली आणि पोचपावती घेऊन घरी गेली. ह्या डब्यातला अर्ज कुठल्या खणात दडपता येत नाही म्हणे. त्याला नंबर असतो आणि ठरल्या मुदतीत त्याचं काहीतरी करावंच लागतं. तिला दोन खोल्या बांधायच्या आहेत. किनाऱ्यावर पर्यटक येतात, बाजूच्या घरी राहतात, सोलकढी पितात, फोटो काढतात. बँक कर्ज द्यायला तयार आहे. पण बँक म्हणते, सातबाऱ्यावरच्या शंकर काशीराम कुबल यांची सही आणा.

सही आणा. खंयसून?

आणि मग ती नोटीस. ज्यांचा ज्यांचा जमिनीशी संबंध त्यांना टपालाने गेली, तशी प्रेमाकाकीलाही आली, तिच्याच घरी, तिच्याच सुनेच्या हातात. अक्षदेला लपवता आली असती. पाटाखाली सारली असती तरी प्रेमाकाकीला कळलं नसतं. पण ती नोटीस घेऊन समोर बसली आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवली, आवाज न हलवता. शंकर काशीराम कुबल मयत झाल्याने त्यांचे नाव कमी करून वारसांची नावे दाखल करण्यात येत आहेत, कुणाची हरकत असल्यास मुदतीत कळवावी. "आये, तुमची हरकत आसली तर जावन सांगा. मी आडवूचंय नाय. पण माका लपवून कायेक करूचा नाय." लपवून ह्या शब्दावर ती थांबली नाही, जोर दिला नाही. पण प्रेमाकाकीने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. ठाऊक आहे हिला. परातीखालचं ठाऊक आहे. कधीपासून ठाऊक आहे? आणि ठाऊक असून दर वेळी उन्हातून येऊन ही माझ्यासमोर सुंगटं सोलत बसली?

"ह्या चेडवाक जीभ फुटली," असं काहीतरी प्रेमाकाकी बोलली होती त्या दिवशी, आणखीही बोलली होती. माझ्या झिलाला मारून खोल्या बांधतेस, त्या खोल्यांत झोपणाऱ्यांना झोप लागेल का, असंही. जीभ तिची पहिल्यापासून खवले काढायच्या सुरीसारखी. एकदा चालली की खाली कातडी आहे की खवला, बघत नाही. अक्षदा ऐकून घेत होती. नेहमीच घ्यायची. वटपौर्णिमेला नटून वडाला जा म्हटलं की जायची. तिथे बायका बाजूला सरायच्या, सवाष्ण म्हणून ओटी भरायला कचरायच्या आणि विधवा म्हणून हाकलायलाही. ही एकटी सूत गुंडाळत फिरायची. त्या दिवशी मात्र ऐकून झाल्यावर तिने खाली बघतच विचारलं, "आये, मी कोण आसंय? बायल काय रांड? कायतरी एक सांगा. माका दोनांतला खयचाय चलात." प्रेमाकाकी उठून माडाखाली गेली होती आणि आज सकाळी लिलावात सगळ्यात देखणी सुरमय घेतली होती. हीच.

"प्रेमलता काशीराम कुबल."

नाव असं पूर्ण, भरल्या कचेरीत, कुणी उच्चारलं की चोरी केल्यासारखं वाटतं. ती उठली. सुरमय बाकड्यावर ठेवावी तर शेजारचा माणूस पळवील, म्हणून पुन्हा काखोटीला. पोरीने नोटीस मागून घेतली, बोटं डब्याच्या फळीवर टकटक नाचवली. "अर्जदार अक्षदा शंकर कुबल. सूनबाई तुमच्या?"

"माजीच. दुसरी खंयची!"

"हरकत नोंदवायची आहे का तुमची?"

"हरकत नाय गो बाय. तां नाव आसा तसा ऱ्हवांदे, इतकाच सांगूक इलंय. एक नाव आसा बिचाऱ्या कोपऱ्यात, कोणाच्या पायात येता काय तां?"

"असं ठेवता येत नाही आजी." पोर दमलेली होती, पण उर्मट नव्हती, तिने डबा थोडा वळवला. काचेत निळसर उजेडावर काळी अक्षरं मुंग्यांसारखी ओळीने बसली होती. "हे बघा. इथे दोनच खाने आहेत. हयात किंवा मयत. ते हयात आहेत असं तुम्ही म्हणालात तर हरकत नोंदवून घेते मी. पण मग साहेबांसमोर जबाब होईल. ते आता कुठे आहेत, शेवटचं कुणी पाहिलं, सगळं विचारतील. पुरावा लागेल."

"आणि तिसरो?"

"तिसरा काय?"

"तिसरो खानो. येवचो आसा, असो." प्रेमाकाकीचा आवाज चढला. "हयात नाय, मयत नाय, येवचो आसा! इतक्या मोठ्या यंत्रात इतकीशी जागा नाय तुमच्या? परशुरामाच्या फाटक्या दप्तरात होती! आई नाय काय गो तुज्या ह्या डब्याक?"

रांगेतले लोक माना वळवून बघू लागले. पोरीची बोटं फळीवर थांबली होती. तिने वर पाहिलं, आणि बहुतेक पहिल्यांदाच नीट पाहिलं. "प्रेमाकाकी?" ती म्हणाली, आणि तिची कचेरीतली भाषा अंगावरून पदर घसरावा तशी घसरली. "काकी, माका वळखूक नाय तुमी? मी सेबॅस्टियनची क्रिस्टीना. तुमी आमच्या दारार येयत होतास, पपा तुमच्याकडसूनच मोरी घेय. माका तुमी सुकी सुंगटां देयत होतास, फुकट."

सेबॅस्टियन. टोपी घालून पायरीवर बसणारा, मोरी माशाच्या तुकड्यासाठी भांडणारा आणि भांडून झाल्यावर काजूच्या फेणीचा एक घोट पुढे करणारा. प्रेमाकाकीच्या चेहऱ्यावर क्षणभर जुनं बाजारातलं तेज आलं. सापडली ओळख. "सेबॅस्टियनचा चेडू तू! मगे घरातलाच झालास. घी ती सुरमय आता, नि माजा काम कर."

क्रिस्टीनाने मान हलवली. "आता तर नकोच काकी. तुमची म्हणान नको."

"बापाशीक इचार तुज्या, प्रेमाकाकीची मासळी कोणी परत..."

"पपा गेलो काकी. पावसाच्या आधी." तिने डोळे खाली घातले नाहीत. "तेचा नाव मीच काढलंय, ह्याच डब्यातसून. साहेब म्हणालो दुसरो कोणतरी करीत, रजा घी. मी म्हटलंय, नको, माजो बाप आसा, मीच काढतंय."

"खूप वेळ लागता?"

"यंत्राक नाय लागणा."

मागच्या रांगेत कुणीतरी खोकलं. प्रेमाकाकी खिडकीच्या कडेला धरून उभी राहिली. समोर ते दोन खाने होते, तिला वाचता न येणारे. दोन पाकळ्यांसारखे. पण इथे कुणी एक ओली आणि एक सुकी करून ठेवली नव्हती. तिसरा खाना मात्र तिच्या डोळ्यांपुढून जाईना. परशुरामाच्या दप्तरात खरंच होता तो? तिथे तर काहीच लिहिलेलं नव्हतं. तो खाना तिच्या घरात होता, आणि त्यात शंकर नव्हताच. शंकर तिकडे पाण्यात, नाहीतर देवाकडे, कुठे असेल तिथे असेल. त्या खान्यात अक्षदा होती. हिरव्या बांगड्या घालून, कुंकू लावून, खाली बघून. बायल काय रांड, कायतरी एक सांगा. सुरमय दर महिन्याला गेली होती ती त्या खान्याचं दार बंद ठेवायला.

"अक्षदान काय लिवलां हा?" तिने विचारलं.

"मयत."

"मगे तांच." तिला वाटलं आपण पुटपुटलो, पण सगळ्यांना ऐकू गेलं असावं. "सुनेचा म्हणणा तां माजा. हरकत नाय म्हणान लिही."

क्रिस्टीना लिहीत होती तोवर तिने डब्याकडे पाहिलं नाही, भिंतीवरच्या पालीकडे पाहिलं. मग कागद निघाला, शाईची डबी पुढे आली. अंगठा घे म्हणून तिने हात दिला, आणि क्रिस्टीनाने तो हात धरून जितक्या हळू दाबता येईल तितक्या हळू दाबला. अंगठ्याला मासळीचा एक बारीक खवला चिकटलेला होता. निळ्या ठशात तेवढी एक जागा पांढरी राहिली. "परत घेवया?" क्रिस्टीनाने विचारलं. "ऱ्हवांदे," प्रेमाकाकी म्हणाली. "तो तितको ऱ्हवांदे."

एस.टी.त कंडक्टर मासळीच्या वासावरून काहीतरी बोलला आणि उत्तराची वाट बघत थांबला, कारण प्रेमाकाकीच्या उत्तराशिवाय त्याचा दिवस जात नसे. तिने तोंड खिडकीकडे वळवलं. खिडकीतून माड मागे जात होते, मध्येच समुद्र दिसत होता, सपाट, दुपारच्या उन्हात कथलासारखा. इतकी वर्षं ती समुद्राकडे बघायची ती वाट बघायची म्हणून. आज नुसतंच पाणी दिसलं. एवढं पाणी. ते इतकं आहे हे कधी लक्षातच आलं नव्हतं.

घरी मागच्या पडवीत अक्षदा वाटण वाटत होती. नात सलोनी शाळेतून यायची होती. सासू कुठे गेली होती ते सुनेने विचारलं नाही. काखोटीतली पानाची गुंडाळी बघून मात्र थबकली. सुरमय नेली आणि सुरमय परत आली, असं ह्या घरात पूर्वी कधी घडलं नव्हतं. हात पुसून तिने ती उचलली, पान सोडलं. मासळीचे डोळे आता बसले होते, पण अंग घट्ट होतं. अक्षदेने विळीचा आडाळा ओढला, वर पाय ठेवून बसली आणि शेपटीकडून पहिला काप घालायला मासळी पात्याला लावली. कुंपणावरचा बोका वासाने खाली उतरून पायरीपर्यंत आला.

"कापू नको," प्रेमाकाकी म्हणाली.

"कित्याक आये? बिघडली?"

"बिघडूक नाय. ताजी आसा." तिने भिंतीला पाठ टेकली आणि खाली बसली, गुडघ्यांत हात धरून. "मासळी रांदूची नाय आता. सुतक आसा आपणांक."

अक्षदेचे हात पात्यावर तसेच राहिले. "कोणाचा?"

प्रेमाकाकीला वाटलं होतं की हे सोपं असेल. कचेरीत तर बोलून झालं होतं. पण तिथे तिने मयत म्हटलं नव्हतं, सुनेचं म्हणणं ते माझं म्हटलं होतं. सुनेच्या खांद्यावर चढून म्हटलं होतं. इथे पडवीत सून समोर होती आणि खांदा नव्हता.

"तुज्या घोवाचा," ती म्हणाली. आणि मग, "माज्या शंकराचा."

अक्षदेने सुरमय पात्यावरून सोडवली आणि पानावर ठेवली, नीट, डोकं एका बाजूला शेपटी एका बाजूला, जशी बाजारात मांडतात. मग तिच्या तोंडून एक आवाज आला. प्रेमाकाकीने तो आवाज कधी ऐकला नव्हता. ह्या घरात तो यायलाच मज्जाव होता. ती उठून गेली नाही, सुनेच्या पाठीवरून हात फिरवला नाही; ते तिला येत नव्हतं आणि आज शिकण्यासारखं नव्हतं. ती फक्त बसल्या जागेवरून सरकत सरकत जवळ गेली, इतकी की दोघींचे गुडघे टेकले. अक्षदेच्या बांगड्या वाजत होत्या, रडण्याबरोबर, किणकिण, किणकिण.

बोका पायरी चढला. त्याने आधी प्रेमाकाकीच्या पायाकडे, पायाजवळच्या वहाणेकडे पाहिलं. थांबला. मग पोट जमिनीला घासत पुढे आला आणि सुरमयीच्या पोटात दात रोवून ओढू लागला. मासळी जड होती, पान तिच्याबरोबर घसटत चाललं. प्रेमाकाकी बघत होती. वहाण हाताशी होती.

तिने त्याला नेऊ दिलं.